सिरॅमिक फिल्टरचं पाणी टेस्टमध्ये पुन्हा पुन्हा फेल होतंय? मडकं फेकायच्या आधी हे करून बघा

प्रॉब्लेम साधारण असा असतो. नवीन फिल्टर आणला, धुतला, पहिली टेस्ट केली, एकदम स्वच्छ. मग तीन-चार आठवड्यांनी परत टेस्ट केली तर जंतूंच्या घरगुती टेस्टची बाटली काळी पडली (म्हणजे पाणी नापास), किंवा लॅबच्या रिपोर्टात कोलिफॉर्म, म्हणजे पाणी खराब असल्याची खूण धरतात ते जंतू, आले. फिल्टर घासून काढला, परत टेस्ट, ओके. महिन्याभराने परत फेल. शेवटी माणूस वैतागून म्हणतो की हे मातीचे स्वस्तातले फिल्टर काही कामाचे नाहीत. मी स्वतः ह्या चक्रात अडकले होते, लागोपाठ तीन मडकी बदलली, आणि आता मला खात्री आहे की त्यातली निदान दोन तरी धडधाकट होती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, तसं झालं होतं, कारण दर वेळी मी सॅम्पल एकाच जागेवरून घेत होते, खालच्या बादलीच्या नळातून.

खाली जे लिहिलंय ते दोन्ही प्रकारच्या फिल्टरना लागू आहे, म्हणजे बादलीत बसणारं मोठं मडकं, आणि नट-वॉशरने बसवायची पांढरी कँडल. जिथे फरक आहे तिथे सांगेन.

आधी थोडक्यात हे काम कसं करतं ते, कारण ते कळलं की बिघाड शोधणं सोपं जातं. मडकं करताना मातीत लाकडाचा बारीक भुसा किंवा भाताचं तूस मिसळतात, साच्यात दाबतात आणि भट्टीत भाजतात. भुसा जळून जातो आणि त्याच्या जागी बारीक बारीक वाकडीतिकडी छिद्रं राहतात. त्यातून पाणी पाझरतं, आणि जंतू, जंतांची अंडी, जिआर्डियासारखे परजीवी अडकतात. वर चांदीचा, म्हणजे कोलॉइडल सिल्व्हरचा हात देतात, त्याने जंतू मरायला मदत होते. हे डिझाइन १९८१ मध्ये ग्वाटेमालात फर्नांडो माझारिएगोस यांनी केलं, आणि १९९८ च्या मिच वादळानंतर निकाराग्वात रॉन रिवेरा आणि पॉटर्स फॉर पीस या संस्थेने ते पुढे नेलं. त्यामागची कल्पनाच अशी की गावातल्या कुंभाराला हे करता यावं. पण त्याचा अर्थ असाही होतो की हाताने, भट्टीत केलेलं प्रत्येक मडकं थोडं वेगळं निघतं, म्हणून चांगल्या कारखान्यात प्रत्येक नगाचा फ्लो, म्हणजे तासाला किती पाणी पाझरतं ते, मोजूनच तो बाहेर पडतो. तुमच्या हातात आलेल्या नगाचा तुम्ही मोजलाय का, हा पहिला प्रश्न.

आता मुख्य गोष्ट. पाणी नेमकं कुठे मुरतंय हे शोधायचं असेल तर एक सॅम्पल घेऊन भागत नाही, तीन घ्यायची, एकाच दिवशी, एकाच तासाभरात. एक वर ओततो त्या कच्च्या पाण्याचं. दुसरं थेट मडक्याच्या बुडाखालून, म्हणजे मडकं उचलून स्वच्छ स्टँडवर किंवा उकळून घेतलेल्या स्टीलच्या कड्यावर ठेवायचं आणि टपकणारे थेंब बाटलीच्या तोंडातच धरायचे, मधे बादली नाही, हात नाही, काही नाही. तिसरं बादलीच्या नळातून, आपण रोज ग्लास भरतो तसंच, नळ पुसायचा नाही, तापवायचा नाही. नळ निर्जंतुक करून घेतलेलं सॅम्पल वेगळ्या कामाचं असतं, त्यात आतल्या पाण्याचं कळतं, पण पोटात काय जातंय ते नळाच्या तोंडावरच्या घाणीसकट जातं.

दुसऱ्या सॅम्पलला वेळ लागतो, १०० मिली थेंबाथेंबाने भरायला कधी पाच मिनिटं, कधी वीस, तेवढा वेळ बाटलीवर वरून काही पडू नये म्हणून मी आजूबाजूला उकळलेल्या फडक्याचा आडोसा करते, आणि बोलतही नाही त्यावर वाकून. जरा जास्तच वाटेल पण एक शिंतोडा सगळी मेहनत वाया घालवतो.

मग तिन्ही रिझल्ट शेजारी ठेवा. कच्चं खराब, थेंब स्वच्छ, नळ खराब असं आलं तर फिल्टर ठणठणीत आहे आणि घोडं बादलीत पेंड खातंय. माझ्याकडे हेच निघालं, आणि जितक्या लोकांसोबत बसून मी हे केलंय त्यातल्या बहुतेकांकडे हेच निघालं. थेंबच खराब आला तर मडकं किंवा कँडल किंवा तिची बैठक बघायची. आणि कच्चंच स्वच्छ आलं तर ती टेस्ट फिल्टरबद्दल काहीच सांगत नाही, हे लोक विसरतात. वरच्या पाण्यात जंतूच नसतील तर फिल्टरने काय अडवलं हे कसं कळणार?

बादली आणि नळाचं सांगते. तिसरं मडकं बदलून झाल्यावर मी पहिल्यांदा नळ खोलला. बाहेरून चकचकीत होता. आतला नट काढला, रबराचं वॉशर सोडवलं आणि त्यामागे बोट फिरवलं तर बुळबुळीत, जशी पावसाळ्यात दगडी पायरी लागते तशी. नळाच्या नळीत कापसाचा बोळा फिरवला तर पिवळट करडा होऊन बाहेर आला. हा थर म्हणजे जंतूंची वसाहतच असते, चिकट कवचात बसलेली, वरून नुसतं पाणी सोडून ती हलत नाही. शिवाय नळ बादलीच्या तळापासून दोन-तीन बोटं वर असतो, त्यामुळे तळाचं तेवढं पाणी कधीच निघत नाही, आठवडेच्या आठवडे तिथेच, आणि रोज वरून नवीन स्वच्छ पाणी त्याच जुन्या पाण्यात मिसळतं. मी फिल्टर घासायचे तेव्हा बादलीही विसळायचे, पण नळ कधीच नाही. म्हणून साफ केल्यावर टेस्ट ओके यायची आणि महिन्याभरात थर परत वाढला की फेल.

उपाय: नळ पूर्ण खोलायचा, सगळे भाग सुटे, वॉशरसकट, साबण आणि बारीक ब्रशने घासायचे, जुना टूथब्रश नको, नवीन घ्या आणि ह्याच कामाला ठेवा. बादली साबणाने धुवायची, फिल्टर केलेल्याच किंवा उकळून गार केलेल्या पाण्याने विसळायची. मग १ लिटर पाण्यात १ चमचा (५ मिली) साधं बिनवासाचं घरगुती ब्लीच घालून ते बादलीभर सगळीकडे फिरवायचं, नळ उघडून त्यातूनही थोडं सोडायचं, काही मिनिटं तसंच राहू द्यायचं, मग ओतून टाकून उपडी घालून हवेवर सुकू द्यायचं. फडक्याने पुसायचं नाही, ते फडकं कितीही स्वच्छ दिसलं तरी नाही. आणि ब्लीच फक्त बादलीला, मडक्याला किंवा कँडलला कधीच नाही. साबणही नाही, कारण तो छिद्रांत शिरून बसतो आणि मग कितीतरी दिवस पाण्याला वास येत राहतो.

साफसफाई करतानाच फिल्टर घाण होतो हेही फार वेळा बघितलंय. मडकं बादलीतून उचललं आणि ओट्यावर किंवा सिंकमध्ये बुडावर टेकवलं, घासलं, तसंच परत बादलीत ठेवलं. आता विचार करा, मडक्याचं बूड आणि बाहेरची बाजू हीच स्वच्छ पाण्याची बाजू आहे, पाणी आतून बाहेर येतं, आणि आपण नेमकी तीच बाजू सिंकला लावली. मडकं काठाला धरूनच उचलायचं, टेकवायचंच असेल तर बादलीचं धुतलेलं झाकण उलटं करून त्यावर. घासायचं फक्त आतून, मऊ ब्रशने. कँडलचं नेमकं उलट, तिथे पाणी बाहेरून आत जातं, त्यामुळे बाहेरचा भाग घासायचा आणि खालची नळी, जिच्यातून थेंब पडतो, तिला हात लावायचा नाही. भांडी घासायची घासणी कशालाच नको. हात आधी साबणाने धुवा, हे लिहायची गरज वाटू नये पण आहे.

आता दुसरी शक्यता, थेंबच खराब येतोय.

मडकं असेल तर सावलीत दोन-तीन दिवस पूर्ण कोरडं होऊ द्या. मग मोठ्या टबात पाणी घेऊन मडकं सरळ धरून काठापर्यंत खाली दाबा, काठावरून पाणी आत जाऊ द्यायचं नाही, आणि दहा सेकंद आत बघत राहा, टॉर्च लावून. चांगलं मडकं तेवढ्या वेळात आतून कोरडंच दिसतं. केसाएवढा तडा असेल तर तिथे ओली रेघ उमटते, किंवा एखाद्या ठिपक्यातून पाणी झिरपताना दिसतं. एकदा मला अशी रेघ काठाखाली चार बोटांवर दिसली, एरवी डोळ्यांना काही म्हणजे काही दिसत नव्हतं. असं मडकं बाद, त्याला सिमेंट, एम-सील वगैरे लावत बसू नका. वाजवूनही बघा, खणखणीत आवाज आला पाहिजे, बद्द आवाज आला तर तडा असण्याची शक्यता दाट. काठाचंही बघा, मडकं बादलीत नीट बसत नसेल किंवा ओतताना पाणी काठाबाहेर सांडत असेल तर कच्चं पाणी सरळ खाली जातं आणि आपण दोष देतो मातीला.

कँडलमध्ये निम्म्या वेळा दोष वॉशरचा असतो. वॉशर कडक झालं, उलटं बसलं, नट सैल राहिला, की पाणी कँडलमधून न जाता तिच्या बुडाशेजारून खाली उतरतं. नवीन वॉशर घाला, नट हाताने घट्ट करा, पकड लावून आवळू नका, प्लॅस्टिकचा आटा तुटतो. कँडलला स्वतःला तडा आहे का ते बघायला सोपी युक्ती आहे: कँडल रात्रभर पाण्यात बुडवून पूर्ण भिजू द्या, मग तिच्या नळीला स्वच्छ रबरी ट्यूब लावून कँडल पाण्याखाली धरा आणि हळू फुंका. भिजलेल्या बारीक छिद्रांतून तोंडाच्या फुंकरीने हवा जाऊच शकत नाही, त्याला कितीतरी पट दाब लागतो, त्यामुळे एका जागेवरून बुडबुड्यांची माळ निघाली तर तिथे चीर आहे. बहुतेक वेळा ती माळ पांढरा भाग आणि प्लॅस्टिकचं बूड जिथे चिकटवलंय त्या जोडातून निघते. बुडबुडे नाही आले म्हणजे मोठी चीर नाही एवढंच कळतं, जंतूंची टेस्ट करायलाच लागते. फुंकून झाल्यावर कँडल बसवून पहिल्या दोन खेपांचं पाणी ओतून द्या.

फ्लोबद्दल एक गैरसमज फार पक्का आहे आणि तो काढायची मला मनापासून इच्छा आहे. पाणी हळू येतंय म्हणून लोक तक्रार करतात आणि जोरात यायला लागलं की खूश होतात. प्रत्यक्षात हळू झालेला फिल्टर सहसा फक्त चोंदलेला असतो, घासला की होतो ठीक. अचानक जोरात यायला लागलेला फिल्टर हा काळजीचा विषय आहे! मडक्याचा फ्लो साधारणपणे ताशी १ ते ३ लिटरच्या आसपास असतो. तुमचं कालपर्यंत २ लिटर देत होतं आणि आज ५ द्यायला लागलं तर ते सुधारलं नाहीये, कुठेतरी फुटलंय, ते पाणी पिऊ नका आणि वर सांगितलेली तड्याची टेस्ट करा.

मोजायची पद्धत: मडकं आदल्या रात्रीपासून भिजलेलं हवं, सकाळी काठोकाठ भरायचं, बरोबर एक तास लावायचा आणि खाली किती जमलं ते मोजायचं. दर वेळी काठोकाठच भरून, कारण वरचं पाणी कमी होत गेलं की दाब कमी होतो आणि फ्लो आपोआप मंदावतो, अर्ध्या मडक्यावर मोजून "फिल्टर बंद पडला" म्हणणारे बरेच भेटले. पाण्याच्या तापमानाचाही फरक पडतो, थंड पाणी जास्त घट्ट वाहतं, ३० डिग्रीच्या पाण्याला जो फ्लो मिळतो त्याच्या साधारण ६० टक्केच १० डिग्रीच्या पाण्याला मिळतो, त्यामुळे थंडीत फ्लो पडला म्हणून रोज घासत सुटू नका, उगाच कँडल झिजते. आणि कोरडी कँडल बसवली तर छिद्रांत हवा अडकून राहते, आधी भिजवा मग बसवा.

आता टेस्टचंच बघू, कारण कधी कधी फिल्टरही बरोबर, बादलीही बरोबर आणि टेस्टच चुकीची. घरगुती पातळीवर सगळ्यात सोयीची एचटूएस टेस्ट, जी ग्वाल्हेरच्या संशोधकांनी, मांजा आणि सहकाऱ्यांनी, १९८२ मध्ये मांडली आणि मग जगभर वापरली गेली. बाटलीत औषध सुकवलेली कागदाची पट्टी असते, खुणेपर्यंत पाणी भरायचं, उबदार जागी ठेवायचं, विष्ठेसोबत येणारे काही जंतू हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करतात आणि पट्टीतल्या लोखंडाच्या क्षाराशी मिळून पाणी काळं होतं. २४ तासांनी बघा, मग ४८ तासांनी परत बघा. खोली गार असेल तर काळं व्हायला वेळ लागतो आणि माणूस पहिल्याच दिवशी "पास" म्हणून मोकळा होतो. मुळातच पाण्याला सडक्या अंड्यासारखा वास असेल, काही बोअरच्या पाण्याला असतो, तर बाटली जंतूंशिवायही काळी होऊ शकते, अशा पाण्याला ही टेस्ट चालत नाही.

दर वेळी एक जादा बाटली लावा, त्यात वीस मिनिटं उकळून झाकून गार केलेलं पाणी. ती काळी झाली तर बाकी सगळे रिझल्ट रद्द, दोष बाटलीत किंवा हातात आहे. माझी एकदा झाली होती, बाटल्या मी परत वापरल्या होत्या आणि झाकणाच्या आतली चकती काढून धुतलीच नव्हती. त्या दिवसापासून बाटली प्रेशर कुकरमधून काढल्याशिवाय वापरत नाही. काळ्या झालेल्या बाटलीत ब्लीच घालून अर्धा तास ठेवा मग संडासात ओता, सिंकमध्ये नको, त्यात जंतू हजारोंनी वाढवलेले असतात.

उलटी चूकही होते, म्हणजे खराब पाणी पास होणं. मडक्याला चांदी असेल, विशेषतः नवीन असेल, तर थोडी चांदी पाण्यात उतरते, आणि सॅम्पल लॅबला पोचेपर्यंत बाटलीतच जंतूंवर काम करत राहते. मग रिपोर्ट येतो शून्य. म्हणून लॅबला आधीच सांगा की फिल्टरला चांदी आहे, ते बाटलीत ती निष्प्रभ करणारी औषधं (सोडियम थायोसल्फेट, थायोग्लायकोलेट) घालून देतात. सॅम्पल बर्फात ठेवून शक्यतो ६ तासांत पोचवा.

रिपोर्ट वाचताना टोटल कोलिफॉर्म आणि ई. कोलाय हे दोन वेगळे बघा. टोटल कोलिफॉर्ममधले बरेच जंतू माती-पाण्यातलेच असतात, ते बादलीत, नळात वाढतात, ते एकटे आले तर बहुतेक साफसफाईचा विषय. ई. कोलाय आला म्हणजे विष्ठेचा संबंध आहेच, आणि जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं सरळ आहे, पिण्याच्या १०० मिली पाण्यात तो एकही सापडता कामा नये. टीडीएस मीटर मात्र बाजूला ठेवा. सिरॅमिक विरघळलेले क्षार अडवतच नाही, त्यामुळे वर ४०० आणि खाली ४०० दिसणार, त्याने फिल्टर नापास होत नाही आणि पासही होत नाही. रंग टाकून बघणाऱ्यांनाही हेच सांगणं, विरघळलेला रंग साध्या सिरॅमिकमधून आरामात पार होतो. ह्याच कारणाने फ्लोराइड, नायट्रेट, आर्सेनिकवर ह्या फिल्टरचा भरवसा ठेवू नका.

तिन्ही सॅम्पल घेतली, तडा नाही, बादली चकाचक, तरी थेंबात थोडे जंतू येतातच, असं झालं तर वरचं पाणी किती खराब आहे ते बघा. चांगलं मडकं ९९ टक्के अडवतं असं धरलं तरी वर १०० मिलीत १००० असतील तर खाली १० राहणारच, मडक्याचा काही गुन्हा नाही. पाणी रात्रभर दुसऱ्या भांड्यात निवळू द्या, गाळ खाली राहू द्या, वरचं जाड सुती कापडातून गाळून मग मडक्यात ओता, फ्लोही जास्त दिवस टिकतो. आणि विषाणू इतके बारीक असतात की ते बऱ्याच प्रमाणात छिद्रांतून निसटतात, म्हणून घरात तान्हं बाळ, गरोदर बाई किंवा आजारी माणूस असेल, किंवा परिसरात कावीळ-जुलाबाची साथ असेल तर फिल्टर झालेलं पाणी उकळूनच द्या. नाहीतर खालच्या बादलीत क्लोरीन घाला, अर्ध्या तासाने टेस्ट किटवर निदान ०.५ मिलिग्रॅम प्रति लिटर दिसेल इतपत, त्याने बादलीतली परत होणारी लागणही थांबते. क्लोरीन खाली, वर मडक्यात नाही, चांदीच्या थराला ते चालत नाही.

हे सगळं केल्यावर लगेच घेतलेली टेस्ट पास होणारच, त्यावर थांबू नका, कारण हा प्रॉब्लेम नेहमी महिन्याभराने परत येणारा आहे. साफ केल्याच्या दुसऱ्या दिवशी, मग सातव्या, मग एकविसाव्या दिवशी, थेंब आणि नळ दोन्हीकडून सॅम्पल घ्या आणि तारीख, फ्लो, रिझल्ट एका कागदावर लिहून बादलीलाच चिकटवा. माझ्या बादलीचा नळ अठराव्या दिवसाच्या आसपास खराब व्हायला लागतो असं त्या कागदावरूनच कळलं, म्हणून मी दर पंधरा दिवसांनी नळ खोलते. तुमचा आकडा वेगळा निघेल.